तलावाच्या पाळीपर्यंत

१

सकाळी उठून मी आधी चहा ठेवत नाही, उंदरं बघते. हसू नका. आमच्या शेतात चार ठिकाणी जमिनीलगत काळे, भोकाभोकांचे पाइप अंथरलेले आहेत आणि उंदरांना त्या पाइपांची काय गोडी लागली आहे कोण जाणे. कुरतडलेला पाइप बदलायचा, वर पसरलेलं धानाचं तणस सारखं करायचं, म्हशी हाकलायच्या आणि मग घरात येऊन स्क्रीन बघायचा. नागपूरच्या एका संस्थेचं हे काम. तुमसरच्या पुढे, बपेऱ्याच्या अंगाला आमचं गाव, गावापासून सुटं आमचं घर, शेजारी ना रस्ता ना कारखाना, म्हणून जागा त्यांना पसंत पडली.

ही यंत्रं कानाला ऐकू न येणारा आवाज ऐकतात. कुठे दूर ज्वालामुखी उसळला की हवेला जो धक्का बसतो, तो हजारो किलोमीटर चालत येतो. इथे झाडाचं पानही हलत नाही, पण यंत्राला कळतं. एक यंत्र जंगलाच्या कडेला, एक मोहाच्या झाडाखाली, एक तलावाच्या पाळीवर आणि एक आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या भाजीच्या तुकड्यात. जंगलाला आधी कळलं, मग मोहाला, मग पाळीला आणि शेवटी सांदवाडीला, तर समजायचं की आवाज अंदमानच्या बाजूने आला. कोणाला आधी, कोणाला नंतर, एवढंच बघायचं, दिशा आपोआप कळते. एखाद्या पाइपवर म्हशीचा पाय पडला तर रेषेचा डोंगर होतो. माणूस चालत गेला तर बारीक टोकं उमटतात, ओळीने. मी तुमसरच्या कॉलेजातून बीएस्सी झाले, पण हे मला शिकवलं माझ्या नवऱ्याने, धर्मेंद्रने. तो संस्थेची यंत्रं बसवायचा.

पाचवं यंत्र घरात, माजघराच्या भिंतीला, कॅलेंडरच्या खाली. घरातली हालचाल वेगळी ओळखता यावी म्हणून ते ठेवलेलं. नुसतं दार उघडलं तरी घरातली हवा हलते आणि स्क्रीनवरच्या रेषेला उंचवटा येतो. मागचं दार सागाचं, जड, त्याचा उंचवटा मोठा. रांधणखोली आणि माजघर यांच्या मधलं दार प्लायवूडचं, त्याची नुसती सुरकुती. धर्मेंद्रला याची भारी गंमत. "हे पाह्य, ही आई," म्हणायचा. आई म्हणजे माझ्या सासूबाई, मंदाबाई. त्या दार हळूहळू लोटतात. "अन् ही तू, ढुंगणानं ढकललं." दोन्ही हातांत भांडी असली तर माणसाने काय करावं? त्याचा स्वतःचा उंचवटा जोडीचा असायचा. मागचं दार खाली बसलंय, घासतं. तो आधी पायाने ते वर उचलायचा आणि मग खांदा लावायचा. आधी छोटा, लगेच मोठा. घरात दुसरं कोणी तसं उघडत नव्हतं.

२

मार्गशीर्षात, धानाची मळणी चालू असताना, धर्मेंद्रचं अंदमानकडच्या एका बेटावर जायचं ठरलं. समुद्राच्या मधोमध धुमसणारा एक डोंगर, वस्ती काही नाही. त्याच्या पायथ्याशी यंत्र बसवायचं होतं.

"कायले जातेस गा?" आईंनी विचारलं. "इथून आयकू येते ना तुले?"

"इथं उशिरा येते, आई. तिथून निघालेला आवाज इथं यायले पावणेदोन तास लागते. एकडाव वेळेवर आयकून येतो."

आमच्याकडे कोणी लांब निघालं की घरातली मोठी बाई त्याला तलावाच्या पाळीपर्यंत पोचवते. गडव्यातलं, म्हणजे तांब्यातलं, पाणी त्याच्या पायांवर घालते आणि माघारी फिरते, वळून बघत नाही. ती उठली की बाकीचे तिच्या मागे. ती नाही उठली तर कोणीच उठत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला हे खूळ वाटलं होतं. पण माहेरी जाताना आईंनी पायांवर पाणी घातलं की बरं वाटायचं, हेही खरं.

त्या दिवशी दुपारी जेवण करून तो निघाला. मधलं दार लोटून रांधणखोलीत आला, मागचं दार पायाने उचलून उघडलं आणि उंबऱ्यात उभा राहिला. खांद्याला बॅग. आई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आई, येतो."

"समुद्रावर जानाऱ्याले मी नाई पोचवत," आई म्हणाल्या. मान वर केली नाही.

तो थांबला. बराच वेळ थांबला. सुपातला एकेक खडा बाजूला पडत होता, त्याचा आवाज येत होता. मी आईंच्या तोंडाकडे बघत होते, त्या उठतील म्हणून. शेवटी तो माझ्याकडे बघून हसला, दार ओढून घेतलं आणि एकटाच पाळीकडे गेला.

३

पौष लागला आणि एका दुपारी स्क्रीनवर एवढा मोठा धक्का आला की मी ताडकन उभी राहिले. जंगल, मोह, पाळ, सांदवाडी. शाळेत फळ्यावर काढून दाखवावा असा स्वच्छ क्रम. मी तशीच फोनकडे धावले आणि नागपूरच्या मॅडमना लावला. या मॅडम संस्थेत उपग्रहाची चित्रं बघायच्या.

"मॅडम, मोठा आहे. फार सुंदर आलाय."

सुंदर म्हणाले मी. त्यांच्या पुढ्यात चित्र होतं. डोंगराच्या जागी उष्णतेचा पांढरा डाग आणि त्यावर पसरत चाललेली राख. राख हटल्यावर पुढची चित्रं आली, तेव्हा ज्या किनाऱ्यावर धर्मेंद्रच्या चमूने होडी लावली होती तो किनाराच त्यांत नव्हता. चौघं गेले होते. तिघांचं काही ना काही हाती लागलं. धर्मेंद्रचं काहीच नाही.

मी ज्याला सुंदर म्हणाले तो आवाज पावणेदोन तास जुना होता. तो तिथून निघाला तेव्हा मी काय करत होते, ते मी कितीदा आठवून बघितलंय. वांगी चिरत होते. त्यातलं एक किडकं निघालं म्हणून बाजारवाल्याला शिव्या घालत होते. मला काही म्हणजे काहीच जाणवलं नाही. लोक म्हणतात जाणवतं. खोटं आहे.

४

संस्थेने विचारलं, दुसरं कोणी पाठवू का. मी नको म्हटलं. काम सुटलं असतं तर घरात दोघी एकमेकींकडे बघत बसलो असतो.

माघात पहिल्यांदा लक्षात आलं. घरातल्या यंत्राच्या रेषेवर, दुपारी, जेवणानंतर, एक छोटा उंचवटा आणि लगेच एक मोठा. मी तेव्हा पाळीवर पाइप बदलत होते.

"आई, तुम्ही मागचं दार उघडलं होतं का?"

"नाई वं. माहे पाय पाह्य तं कसे सुजले. मी कुठी जातो?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी राइस मिलमध्ये वाढलेली पोरगी, मिलच्या पट्ट्याचा आवाज बदलला तर आधी पट्टा बघायचा, नारळ नंतर फोडायचा, असं आमचे बाबा म्हणायचे. मी पट्टा बघितला. लांबच्या मँगनीजच्या खाणीत सुरुंग उडाला म्हणावं, तर तो बाहेरच्या चारही यंत्रांना कळला असता, आणि त्या रेषा सपाट होत्या. मांजर सागाचं दार उघडत नाही. वायर बदलली, यंत्र पुसून काढलं, जागा हलवून बघितली. यंत्र बिघडलं तर ते दिवसभर बिघडतं, रोज दुपारी जेवण झाल्यावर बिघडत नाही.

मग एक दिवस मी पाइपांकडे गेलेच नाही. मधलं दार बंद करून घेतलं, मागच्या दाराला स्वतः कडी घातली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन रांधणखोलीत बसले. आई भिंतीला टेकून डोळे मिटून होत्या. बाहेर लख्ख ऊन. सांदवाडीत कोंबड्या माती उकरत होत्या, तो आवाज येत होता.

तो आवाज थांबला. कानांत दडा बसला, पाण्यात बुडी मारल्यावर बसतो तसा. मांडीवरची रेषा उचलली, छोटी, मग मोठी. कोनाड्यात देवाच्या तसबिरीला लावलेली उदबत्ती होती, तिचा धूर सरळ जात होता तो वाकला. दार हललं नाही. कडीसुद्धा वाजली नाही. सागाचं ते दार माझ्या डोळ्यांपुढे बंद होतं आणि रेषा म्हणत होती की ते उघडं आहे. बऱ्याच वेळाने आणखी एक उंचवटा आला, दार लागल्याचा, आणि कोंबड्या पुन्हा माती उकरू लागल्या.

आई माझ्याकडे बघत होत्या. "काय झालं वं? तोंड काहून असं झालं तुहं?"

मी सांगायला नको होतं. सांगितलं.

आईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या हसल्या. धर्मेंद्र गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

"आला माहा बाबू," त्या म्हणाल्या.

५

त्या दिवसापासून आईंनी घर सोडलं नाही. मागच्या दाराशी पाय धुवायला पाणी, झाकलेलं ताट, आणि स्वतः समोर. त्याचं जेवण झाल्याशिवाय घास घ्यायच्या नाहीत, आणि त्याचं जेवण काही होत नव्हतं. संध्याकाळी ते ताट मी म्हशीला घालायचे. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतील इतक्या आई वाळल्या.

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण दुपार जवळ आली की मीही केस सारखे करायचे. तेही खरं.

टिकाराम काकाजी आले, म्हणजे माझे चुलत सासरे. घरातले वडीलधारे पुरुष तेवढेच उरलेले.

"वहिनी, फागून लागून राहिला," ते म्हणाले. "पळसाच्या काड्याचा पुतळा करू अन् अग्नी देऊन टाकू. ज्याचा देह नाई भेटला त्याचं असंच करा लागते. नाई तं त्याचा जीव अडकून राह्यते."

"घरात असलेल्या पोराले अग्नी देते का गा तू?" आई म्हणाल्या. "चहा पेजो अन् जाजो."

काकाजींनी माझ्याकडे बघितलं. मी चहा ठेवायला उठले. आई अशाच राहिल्या तर पावसाळा बघणार नाहीत, हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही.

६

त्याच संध्याकाळी मी रेषा मोठी करून बघितली. इतके दिवस जोडीचा उंचवटा दिसला की माझे डोळे तिथेच अडकायचे. त्याच्या आजूबाजूला काय आहे ते मी बघितलंच नव्हतं. जोडीच्या उंचवट्याआधी एक बारीक सुरकुती होती. मधलं दार. दार लागल्याच्या उंचवट्यानंतर पुन्हा तीच सुरकुती. मागचे सगळे दिवस काढून बघितले. रोज तसंच.

कोणाला आधी, कोणाला नंतर. बाहेरून येणाऱ्याला आधी मागचं दार लागतं, मग मधलं. इथे मधलं आधी होतं. हा येणारा नव्हता, हा निघणारा होता. माजघरातून उठायचा, मधलं दार लोटायचा, मागचं दार पायाने उचलायचा, उंबऱ्यात थांबायचा. कोणी उठायचं नाही. मग दार लावून परत माजघरात.

मी माजघरातच झोपते.

मग मी ती दुपार काढली, डोंगर फुटल्याची. त्या दिवसाची घरातली रेषा मी कधी बघितलीच नव्हती, कोण बघणार? जंगल, मोह, पाळ, सांदवाडी, आणि त्यांच्या पाठोपाठ घर. एक छोटा, लगेच मोठा, आणि नंतर सुरकुती. येणाऱ्याचा क्रम, एकदाच. मी तेव्हा दाराकडे पाठ करून फोनवर बोलत होते.

आईंना मी चुलीपुढे बसवलं आणि सांगितलं. "आई, ते येऊन नाही राहिले. ते जाऊन राहिले. रोज निघते अन् उंबऱ्यात उभे राह्यते. तुमी उठसान म्हणून."

"मंग राहू दे," आई लगेच म्हणाल्या. "कायले उठू? काय मागते तो? धान मागते का कपडा मागते? राहू दे घरात."

"तुमी जेवत नाही, आई."

"मी बुढी. माही काय गोष्ट."

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "किती वेळ उभा राह्यते?"

"आधी थोडा वेळ राहत होते. आता रोज जास्त."

"बॅग खांद्याले?"

मला काय माहीत? रेषेत बॅग दिसत नाही. पण मी हो म्हटलं.

आई चुलीतली राख काडीने उकरत राहिल्या. "लहान असतानी बी असाच उभा राहे," त्या म्हणाल्या. "शाळेत जायच्या वक्ती. मी पाह्यल्याबिगर जायेच ना." मग पदराने नाक पुसलं. "तो पितळी गडवा आहे ना, तो घासून ठेवजो उद्याले."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी आईंनी धुतलेलं लुगडं नेसलं. कोंबड्या गप्प झाल्या आणि कानांत दडा बसला, तशा त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. कडी मी काढली. दार त्यांनी उघडलं.

सांदवाडीतून पाळीकडे जाणारा धुरा, म्हणजे शेताचा बांध, अरुंद आहे. दोन्हीकडे धान निघालेल्या बांध्यांमध्ये लाखोरीचं पीक निळं फुललेलं होतं. आई पुढे, मी मागे. ठरवलं नव्हतं, पण आमच्यात एका माणसाची जागा सोडून आम्ही चालत होतो. मी समोर बघितलं नाही, आईंच्या टाचांकडे बघत राहिले. ऊन इतकं डोक्यावर होतं की त्यांची सावली पायांखाली गोळा झाली होती. आमच्या मधल्या जागेत धुऱ्यावर वाळलेलं गवत होतं. ते दबत होतं का, मी बघायचं टाळलं.

पाळीवर यंत्राच्या पाइपांपाशी आई थांबल्या आणि वळल्या. गडवा दोन्ही हातांत धरला. पाणी एकदम पडलं, धार अशी लागली नाही. माती तहानलेली होती, चटकन काळी झाली. मधे दोन जागा कोरड्या राहिल्या, शेजारी शेजारी.

"हुशारीनं जाजो, बाबू," आई म्हणाल्या. "मी रागावली नोहती."

मला काही बोलायचं होतं. पूर्ण पौष, पूर्ण माघ मी ते मनात घोळवलं होतं, आणि त्या वेळी एक शब्द आठवला नाही. आईंनी माझं मनगट धरलं आणि आम्ही फिरलो. मागे वळून बघायचं नसतं. आम्ही बघितलं नाही. घरापर्यंत आई रडत होत्या आणि मी त्यांना सावकाश, सावकाश म्हणत होते.

घरी आल्यावर मी स्क्रीनपुढे बसले. सांदवाडीत आमची पावलं, बारीक टोकं. मग पाळीवर आमची पावलं. नंतर मोहाखाली टोकं उमटली, ओळीने, एकाच माणसाची. नंतर जंगलाच्या कडेला. पाळीच्या पुढे आम्ही गेलोच नव्हतो. सांदवाडी, पाळ, मोह, जंगल. बेटावरून येणाऱ्या आवाजाचा उलटा क्रम.

"गेला?" आईंनी विचारलं.

"गेले."

"टिकारामले सांग, पुतळा बांधा म्हना."

फागुनात पळस लालभडक झालेला असताना त्याच्याच काड्यांचा पुतळा तलावाकाठी जाळला. बायका जात नाहीत. मी सपरीतून, म्हणजे घरापुढच्या पडवीतून, धूर बघितला.

८

आई जेवू लागल्या. बांगड्या मनगटावर आल्या. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, साधनाने सासूला वाचवलं. म्हणोत.

मी काय सांगू? रेषा सपाट झाली. सकाळी सपाट, दुपारी सपाट. कोंबड्या दिवसभर माती उकरायच्या. भीती वाटत होती तेव्हा निदान दुपार तरी होत होती. एकदा जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, दुपारी त्या स्क्रीनकडे पाह्यवत नाही आता." त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी मी पुढच्या सपरीत पाइप जोडत बसले होते, लॅपटॉप शेजारी. रेषा उचलली. छोटी, लगेच मोठी.

मी पाइप टाकला आणि घराला बाहेरून वळसा घालून सांदवाडीत धावले. मागचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यात आई, एक पाय दाराखाली, खांदा फळीला लावलेला, धापा टाकत.

"तो असाच उघडे ना?" त्या म्हणाल्या. "तुले बरं वाटन म्हनून केलं वं."

मी हसले आणि रडले, दोन्ही. त्यांना धरून तिथेच पायरीवर बसवलं, बाहेरच्या रांजणातलं पाणी पाजलं, सुजलेला पाय चोळला. "असं करू नका, आई," म्हटलं. "पडसान कुठी." किती वेळ बसलो कोण जाणे. दार मागे उघडंच होतं.

सपरीत परत येऊन मी लॅपटॉप उचलला. आईंचा उंचवटा होता, छोटा आणि मोठा. त्यानंतर, थोडं अंतर सोडून, एक बारीक सुरकुती होती. मधलं दार. आई उंबऱ्यातून आत गेल्या नव्हत्या. मी बाहेरून आले होते आणि बाहेरूनच गेले होते.

आधी मागचं, मग मधलं.

सुरकुतीवरून माणूस ओळखू येत नाही. मागच्या दाराच्या उंचवट्यावरून ओळखला असता, पण ते दार तर आईंनी उघडलं होतं. बाहेरच्या चार रेषा बघितल्या असत्या तर निदान कुठल्या दिशेने आलं ते कळलं असतं. मी लॅपटॉप मिटला. चारही रेषा बघितल्या नाहीत, अजून बघितलेल्या नाहीत.

मी पितळी गडवा भरला आणि मागच्या दाराशी ठेवला.

"कोनासाठी वं?" आईंनी विचारलं.

"असू द्या."

माजघरात आज अंथरूण घालताना मी थोडं भिंतीकडे सरकून घातलं. पोचवायला हवं, ते मला कळतं. त्याला ताटकळत ठेवणं बरं नाही, आणि तो नसेल तर त्याहून बरं नाही. उद्या पोचवू. उद्या, नाहीतर परवा.